नकाशावरचा वऱ्हाड

यंदाच्या वार्षिकांकासाठी काहीतरी लिहून दे, असे मराठीच्या सरांनी सांगितले तेव्हा मी विचारले, "सर, विषय कोणता घेऊ?" सर म्हणाले, "तुला ज्यातले खरोखर कळते तो घे," आणि वर्गावर निघून गेले. मी मात्र अडचणीत पडलो. मला खरोखर कळणाऱ्या गोष्टी दोनच. एक पऱ्हाटी आणि दुसरी, सांगायला संकोच वाटतो, संगणकावर साम्राज्ये उभारण्याचा खेळ. पऱ्हाटीवर लिहावे तर वर्गातल्या निम्म्या मुलांना तिच्याविषयी माझ्याइतकेच ठाऊक. तेव्हा धीर करून दुसऱ्याच विषयाला हात घालतो. प्राध्यापक मंडळींनी कृपया रागावू नये. शेवटी पऱ्हाटीही यात येणारच आहे.

आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेला मी पहिलाच. गाव अकोला जिल्ह्यातले, अकोट तालुक्यातले. शिक्षण अमरावतीला. गाडगेनगरात आम्ही तिघे मिळून एक खोली घेऊन राहतो. त्यातला एक रूम पार्टनर अकोला शहरातला. त्याच्याजवळ त्याच्या मोठ्या भावाचा जुना लॅपटॉप आहे. यंत्र त्याचे, विजेचे बिल तिघांचे, म्हणून खेळण्याचा हक्कही तिघांचा, असा आमचा न्याय आहे. घरी सर्वांची समजूत आहे की मी रात्री बारापर्यंत अभ्यास करतो. बारापर्यंत जागतो, एवढे त्यातले खरे आहे.

ज्यांनी हे खेळ पाहिलेच नाहीत त्यांच्यासाठी थोडे मुळापासून सांगतो. मोबाइलवर मुले जे बंदुकीचे खेळ खेळतात त्यांत आपण एक शिपाई असतो. साम्राज्याच्या खेळात आपण कोणीच नसतो. राजाही नसतो, कारण राजे मरतात आणि आपण पुढे खेळतच राहतो. आपण असतो तो वरून पाहणारा एक डोळा. खाली नकाशा, त्यावर गावे, शेते, फौजा. आपण बोट दाखवायचे आणि खालच्यांनी करायचे. बुद्धिबळात असेच असते असे कोणी म्हणेल. पण बुद्धिबळात प्यादे जेवत नाही. इथे प्याद्याला आधी खाऊ घालावे लागते, आणि खरा खेळ तिथेच आहे.

या जातीच्या खेळांना इंग्रजीत 'फोर एक्स' म्हणतात. ॲलन एमरिच नावाच्या लेखकाने १९९३ साली एका संगणक-खेळाविषयी लिहिताना हा शब्द वापरला आणि तो रूढ झाला. त्यातल्या चार इंग्रजी क्रियापदांत 'एक्स'चा उच्चार येतो. मराठीत मी ती अशी म्हणतो: शोधा, पसरा, पिळा, संपवा. तिसऱ्या शब्दापाशी मी पहिल्यांदा जरा थबकलो होतो. पण खेळताना ते लक्षात राहत नाही.

माझा पहिला खेळ 'एज ऑफ एम्पायर्स'चा दुसरा भाग. पहिला भाग १९९७ साली अमेरिकेत निघाला आणि दुसरा १९९९ साली, म्हणजे माझ्या जन्मापूर्वी. २०१९ साली त्याला नवे रूप दिले गेले. आम्ही खेळतो ते हेच. सुरुवातीला तुम्हांला मिळतात तीन गावकरी, टेहळणीला एक घोडेस्वार आणि एक मोठी इमारत. कोठारात दोनशे अन्न, दोनशे लाकूड, शंभर सोने, दोनशे दगड. एवढ्या भांडवलावर साम्राज्य! पन्नास अन्न दिले की आणखी एक गावकरी तयार होतो. त्याला झाडे तोडायला लावा, खाणीत लावा, शेतावर लावा. पाचशे अन्न जमले की अंधारयुगातून सरंजामयुगात जाता येते. तिथून आठशे अन्न व दोनशे सोने दिले की किल्ल्यांचे युग, आणि हजार अन्न व आठशे सोने दिले की साम्राज्ययुग. अर्थशास्त्राच्या तासाला 'भांडवलसंचय' हा शब्द आला तेव्हा वर्गात तो मलाच लगेच कळला, तो या खेळामुळे. नवशिक्या लवकर लवकर शिपाई करतो आणि हरतो. जाणता खेळाडू बराच वेळ नुसते गावकरीच वाढवत राहतो.

पण एकूण माणसांवर सहसा दोनशेची मर्यादा असते, गावकरी आणि शिपाई मिळून. त्यामुळे शेवटी शेवटी फौज वाढवायला जागा उरत नाही. मग मुरलेले खेळाडू काय करतात? स्वतःचेच काही गावकरी मारून टाकतात. त्यासाठी एक कळ असते. ती दाबली की झाड तोडणारा माणूस जागच्या जागी आडवा होतो आणि त्याच्या जागी घोडेस्वार घेता येतो. माझ्या रूम पार्टनरने मला ही युक्ती शिकवली तेव्हा मला ती फार हुशारीची वाटली होती.

२०२२ साली या खेळात भारतातल्या राजवटींची भर पडली. पूर्वी नुसते 'इंडियन्स' होते. त्यांच्या जागी हिंदुस्तानी, बंगाली, द्रविड आणि गुर्जर असे चार गट झाले. बाबर, पाल घराण्यातला देवपाल आणि राजेंद्र चोळ यांच्या मोहिमा आल्या. देवगिरीच्या यादवांची मोहीम काही आली नाही, याचे आम्हां तिघांना वाईट वाटले. प्रत्येक गटाला काही खास सवलत असते. कोणाचे धनुर्धारी चांगले, कोणाचे हत्ती. हिंदुस्तानी गटाची एक सवलत अशी की त्यांचा गावकरी इतरांपेक्षा स्वस्त पडतो, आणि युगामागून युग जाते तसतसा आणखी स्वस्त होत जातो. खेळाडूच्या दृष्टीने हा मोठाच फायदा. मी बरेच दिवस हाच गट घेत होतो.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत रूम पार्टनर चार दिवस आमच्या गावी आला. येताना लॅपटॉप घेऊन आला. ओसरीत बसून आम्ही खेळत असताना आबा, म्हणजे माझे आजोबा, मागे येऊन उभे राहिले. पंचाहत्तरीच्या पुढचे आहेत, डोळ्याचे ऑपरेशन झालेले आहे. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग पडद्यावर शेतात खालीवर होणाऱ्या माणसाकडे बोट करून म्हणाले,

"हा काय करून राह्यला?"

"वावर करून राह्यला, आबा."

"बैल कुठी हायेत याचे?"

मी पाहिले तर खरेच, बैल नव्हते. इतक्या महिन्यांत माझ्या ते ध्यानात आले नव्हते. गावकरी एकटाच हातातल्या अवजाराने खणत होता. खेळात जड नांगराची सुधारणा विकत घेता येते, पिकांची फेरपालटही विकत घेता येते. पण नांगर ओढणारे कोणी पडद्यावर दिसत नाही.

"बरं, पानी कवा पडते यात?"

"पानी नाही पडत आबा यात."

"मंग पिकते कसं?"

मी समजावून सांगितले. एक शेत करायला साठ लाकडे लागतात. त्यातून एकशे पंचाहत्तर अन्न निघते. सुधारणा घेत गेले की तेच अडीचशे होते, मग पावणेचारशे, मग साडेपाचशे. अन्न संपले की शेत संपते. पुन्हा साठ लाकडे दिली की पुन्हा तेवढेच पिकते. एक दाणा इकडचा तिकडे होत नाही.

आबा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "असं वावर मले बी दे ना बापा एक."

माय चुलीपाशी हसली, आम्हीही हसलो. पण त्या वर्षी आमची दुबार पेरणी झाली होती. मृगात टाकलेले बियाणे पावसाने ओढ दिल्याने करपले आणि बाबांनी पुन्हा बी-बियाणे आणले ते उधारीवर. पडद्यावर मी दहा-दहा शेते एका झटक्यात पुन्हा पेरत होतो. या नव्या आवृत्तीत तर पेरणी आपोआप होण्याचीही सोय आहे, बोटही हलवावे लागत नाही.

आता दुसऱ्या खेळाकडे वळतो. या लेखाचे नाव ज्यावरून पडले तो हाच. 'युरोपा युनिव्हर्सालिस'चा चौथा भाग. स्वीडनमधल्या कंपनीने २०१३ साली काढलेला. नाव युरोपचे असले तरी नकाशा सबंध जगाचा. खेळ सुरू होतो ११ नोव्हेंबर १४४४ या दिवशी आणि थांबतो १८२१ साली. यात झाडे तोडणारा गावकरी नाही. यात माणूसच दिसत नाही. दिसतात ते प्रांत, रंगवलेले. एक दिवस म्हणजे पडद्यावरचे थोडे क्षण. वाटेल तेव्हा काळ थांबवायचा, विचार करायचा, हुकूम द्यायचे, पुन्हा काळ सोडायचा. लढाईही दिसत नाही. दोन फौजा एका प्रांतात आल्या की आत फासे पडतात आणि आकडे उतरत जातात. महाभारतातला तो खेळ अजून चालूच आहे म्हणायचा.

प्रत्येक प्रांताचे तीन आकडे असतात: कर किती, उत्पादन किती, फौजेला माणसे किती. एका प्रांताविषयी राजाला जे मुख्यतः कळायला हवे ते या तिघांत आले. शिवाय तिथे पिकणारा एक माल, तिथला धर्म आणि तिथली संस्कृती. आणि राजाकडे तीन प्रकारचे बळ असते: प्रशासकीय, राजनैतिक आणि लष्करी. दरमहा प्रत्येकाचे तीन गुण ठरलेले. त्यात राजा जसा असेल तशी शून्यापासून सहापर्यंत भर. राजपुत्र मठ्ठ निघाला तर पुढची तीस वर्षे राज्य रखडते. लोकशाही का हवी, हे राज्यशास्त्राच्या पुस्तकापेक्षा मला इथे लवकर पटले. नवा प्रांत जिंकला की लगेच तो आपला होत नाही. प्रशासकीय गुण खर्चून तो आपल्यात मुरवावा लागतो. न मुरवता नुसते गिळत सुटले की राज्यभर बंडे होतात आणि शेजारचे सारे एक होऊन अंगावर येतात. माझा पहिला बहमनी सुलतान असाच बुडाला.

बहमनीच का घेतली तेही सांगतो. रूम पार्टनरने पहिल्यांदा हा नकाशा उघडला आणि दख्खनवर आणला. विजयनगर, गुजरात, माळवा, खानदेश, आणि मध्ये बहमनी. अजून जवळ गेला तर अक्षरे दिसली: बेरार. बेरार म्हणजे वऱ्हाड! कुठल्या कोण स्वीडनमधल्या माणसांना आमचा वऱ्हाड माहीत होता. शाळेच्या इतिहासात वऱ्हाड मला फारसा भेटला नव्हता. रायगड भेटला, पुणे भेटले, पानिपत भेटले. आमच्या गावाच्या उत्तरेला सातपुड्याची जी रांग दिसते तिच्यात नरनाळा उभा आहे, तो सहलीला जाण्यापुरताच ठाऊक. त्या रात्री मी परीक्षेपेक्षा जास्त उत्साहाने जागलो.

सुरुवातीची तारीख पुढे सरकवून १५०० च्या आसपास आणली की बहमनी मोडलेली असते आणि वऱ्हाड स्वतंत्र असतो. मी तोच घेतला. राजधानी एलिचपूर, म्हणजे आपले अचलपूर. परतवाड्याला जाणाऱ्या एसटीत जे विद्यार्थी उभे राहून येतात-जातात त्यांनी ध्यानात घ्यावे की ते एका राजधानीच्या वाटेवर आहेत. सरळ सांगतो, या वऱ्हाडाला मी पहिल्या पाच खेळींत एकदाही वाचवू शकलो नाही. दरवेळी अहमदनगरने गिळले. राज्य लहान, समुद्र नाही, मित्र दूरचे. नगरशी मैत्री करावी तर तोच टपलेला.

हरण्याचा राग येऊन मी महाविद्यालयाच्या ग्रंथालयात अमरावती जिल्ह्याचे गॅझेटियर काढले. मला पाहायचे होते की खऱ्या लोकांनी कसे निभावले. तर खऱ्या लोकांचेही निभावले नव्हते! बहमनी सुलतान अहमदशहाने १४२५ मध्ये गाविलगड बांधून काढला. बहमनी राज्याचे पूर्वी चार तरफ होते, त्यांतला एक वऱ्हाड. महमूद गवानने चाराचे आठ केले, त्यात वऱ्हाडाचे गाविल आणि माहूर असे दोन भाग झाले. गाविलचा सुभेदार फतहुल्ला इमाद-उल-मुल्क. हा मूळचा विजयनगरकडचा, लहानपणी लढाईत पकडून आणलेला मुलगा. त्याने १४९० च्या सुमारास स्वतंत्र राज्य केले, तीच इमादशाही. त्याच्यामागे अल्लाउद्दीन, मग दर्या, मग बुऱ्हाण. बुऱ्हाण लहान होता. त्याच्या नावाने तुफालखान कारभार बळकावून बसला. शेवटी मुर्तजा निजामशहा चालून आला, नरनाळा पडला, आणि १५७४ मध्ये वऱ्हाड अहमदनगरात विरला. मला पाच वेळा जो अनुभव आला होता तोच इतिहासाला एकदा आला होता. ग्रंथालयात बसून मला उगीचच बरे वाटले.

सहाव्या खेळीत मात्र मी टिकलो. नगर आणि विजापूर यांची जुंपलेली असताना मी विजापूरच्या बाजूला राहिलो, फौज राखली. फौज राखायला पैसा लागतो, म्हणून कर्ज काढले. व्याज चढले, म्हणून युद्धकर लावला. त्यातच बंडाची खूण दिसू लागली. पडद्याच्या कोपऱ्यात टक्के वाढत जातात आणि शंभराला पोहोचले की शेतकरी हत्यारे घेऊन उभे राहतात. यावर दोन उपाय समोर येतात. एक म्हणजे प्रांताला जास्त स्वायत्तता द्यायची. लोक शांत होतात, पण तिथला कर आणि शिपाई पुढे बरीच वर्षे कमी मिळतात. दुसरा उपाय, कडक वागणूक. थोडे लष्करी गुण खर्च करायचे की टक्के झपकन खाली येतात. मी कडक वागणूक दिली. ते स्वस्त पडत होते. दोन-तीनदा दिली. कडक वागणूक म्हणजे त्या गावांत नेमके काय झाले असेल, हे खेळ सांगत नाही आणि मीही विचारले नाही.

विचारायला लागलो ते मामाजींच्या गावी गेल्यावर. माझे आजोळ तेल्हारा तालुक्यात, अडगावजवळ. या अडगावचे नाव इंग्रजांच्या पुस्तकांत 'अरगाम' असे येते. २९ नोव्हेंबर १८०३ रोजी तिथे नागपूरकर भोसले व शिंदे यांच्या फौजा एकीकडे आणि आर्थर वेलस्ली दुसरीकडे, अशी लढाई झाली. हाच वेलस्ली पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला आणि १८१५ मध्ये वॉटर्लूला नेपोलियनशी लढला. भोसल्यांचे तीन आठवड्यांच्या आत सगळे आटोपले. १५ डिसेंबरला गाविलगड पडला, किल्लेदार बेनीसिंग लढता लढता मेला आणि १७ डिसेंबरला देवगावचा तह झाला. वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख भोसल्यांनी सोडला आणि तो निजामाला मिळाला. मी मामाजींना हे सगळे ऐकवले. ते तुरीला पाणी देत होते. म्हणाले, "म्हंजे लढले कोन, अन् भेटला कोनाले! अन् इथल्या लोकायले कोनी इचारलं?"

नकाशावर या तहाला एक क्षण लागतो. प्रांताचा रंग बदलतो, बस्स. पण त्याआधीची जवळजवळ ऐंशी वर्षे काय होती ते गॅझेटियरमध्ये आहे. १७२४ साली साखरखेर्ड्याला निजामाने मुबारिजखानाला हरवले, तेव्हापासून वऱ्हाड निजामाचा. पण चौथाई-सरदेशमुखी भोसल्यांची. एकाच शेतावर दोन सरकारांचे वसूलदार. याला दोअमली म्हणत. माझ्या खेळात मात्र एका प्रांताला एकच धनी असतो. दोन धन्यांचा प्रांत कसा असतो हे दाखवणारा रंग त्यात मला दिसला नाही.

आणि जी गोष्ट मला सर्वांत लागली ती खेळात येतच नाही, कारण खेळ १८२१ साली संपतो. हैदराबादेत इंग्रजांच्या हुकमतीखालची एक फौज होती, तिला कंटिन्जंट म्हणत. तिचा पगार निजामाने द्यायचा. पगार थकत गेला, कंपनी उसने देत गेली, कर्ज वाढत गेले. १८५३ मध्ये डलहौसीच्या काळात तह झाला आणि त्या फौजेच्या खर्चापोटी व कर्जापोटी निजामाने वऱ्हाड, रायचूर दुआब आणि धाराशिवकडचा मुलूख कंपनीच्या हवाली केला. आपल्या जिल्ह्यांचे कागदोपत्री नावच पडले 'हैदराबाद असाइन्ड डिस्ट्रिक्ट्स'. साध्या मराठीत, गहाण जिल्हे. १८६० मध्ये रायचूर आणि धाराशिव परत गेले. वऱ्हाड ठेवून घेतला. सालारजंगाने परत मागून पाहिला, पण मिळाला नाही. १९०२ मध्ये कर्झनने तो वर्षाला पंचवीस लाख रुपयांवर कायमचा पट्ट्याने घेतला आणि पुढच्या वर्षी मध्यप्रांताला जोडला. धनी निजाम, वहिवाट इंग्रजांची. १९३६ मध्ये निजामाच्या युवराजाला 'प्रिन्स ऑफ बेरार' हा किताब मिळाला. तो प्रिन्स होता, पण राज्य करायला बेरार त्याच्याकडे नव्हता.

वऱ्हाड का सोडला नाही, हे कळायला मात्र माझ्या खेळाने मदत केली. कर आणि माल असे दोन आकडे मी डोळ्यासमोर आणले. काळी जमीन, कापूस. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध चालले, तिकडचा कापूस विलायतेच्या गिरण्यांना मिळेना. त्याच दशकात मुंबईची रेल्वे अकोला, बडनेरा करत नागपूरकडे गेली. अमरावती आणि खामगाव यांचे बाजार फुलले. 'वऱ्हाड, सोन्याची कुऱ्हाड' ही म्हण आपण अभिमानाने म्हणतो. पण कुऱ्हाड कोणाच्या हातात होती? मी सुलतान असतो तर मीही असा प्रांत सोडला नसता. हे लिहिताना मला थोडी लाज वाटते, पण खरे आहे. मी रायचूर दिला असता आणि वऱ्हाड ठेवला असता.

त्याच सोन्याच्या वऱ्हाडात १८९९-१९०० चा दुष्काळ पडला, आपल्याकडे त्याला छपन्या म्हणतात. आबांनी त्याच्या गोष्टी त्यांच्या आजोबांकडून ऐकल्या आहेत. झाडांच्या साली उकळून खाल्ल्याची एक गोष्ट ते दरवेळी सांगतात आणि दरवेळी मध्येच थांबतात.

'गहाण' हा शब्द मी पुस्तकात शिकलो नाही. बारावीनंतर शिष्यवृत्तीच्या कागदांसाठी मला आमच्या वावराचा सातबारा काढायचा होता. बाबा म्हणाले, "तूच काढून आन, तुले वाचता येते." मी वाचला. आबांचे नाव, बाबांचे नाव, क्षेत्र, आकार, आणि 'इतर हक्क' या सदरात पीककर्जाचा बोजा. त्याखाली जुना एक, कमी झालेला. मी बाबांना वाचून दाखवू लागलो तर ते म्हणाले, "मले मालूम हाय, तू फक्त पह्यली ओळ वाच." पहिल्या ओळीत नाव होते. मी तीच पुन्हा वाचली.

म्हणून १८५३ चा तह वाचताना मला सातबारा आठवला. नाव एकाचे आणि बोजा दुसऱ्याचा. कर्जापोटी प्रांत गहाण ठेवण्याची सोय मला माझ्या खेळात सापडली नाही. कर्ज मिळते, व्याज जाते, दिवाळे निघते. प्रांत विकताही येतो. पण नाव आपले ठेवून वहिवाट सावकाराला द्यायची, हे त्या स्वीडनमधल्या मंडळींना सुचले नसावे. याच कंपनीचा 'व्हिक्टोरिया' नावाचा खेळ १८३६ ते १९३६ या काळाचा आहे, त्याचा तिसरा भाग २०२२ साली निघाला. तो काळ आमचाच. पण रूम पार्टनरच्या लॅपटॉपला तो झेपत नाही.

प्राध्यापकांपैकी काहींचे म्हणणे असे की या खेळांनी मुलांना रक्तपात आणि सत्तेची हाव शिकवली जाते. मला तसे वाटत नाही. हाव शिकवावी लागत नाही. खेळाने मला एवढे दाखवले की वरून पाहिले की कोणालाही, अगदी शेतकऱ्याच्या पोराला सुद्धा, खालचा माणूस दिसेनासा होतो. मी चांगल्या घरचा मुलगा आहे, तरी बंडाचे टक्के चढले तेव्हा कडक वागणूकच दिली. आणि दुसरे असे की या खेळापायी मी गॅझेटियर उघडले. सरळ सांगायचे तर, नगरने पाच वेळा हरवले नसते तर मी ग्रंथालयाच्या त्या कपाटाकडे तीन वर्षांत फिरकलो नसतो.

या उन्हाळ्याच्या सुट्टीत रूम पार्टनरने लॅपटॉप आठ दिवस मला दिला. मी गावी घेऊन गेलो. माझी सातवी खेळी चालू होती, १५३८ साल उजाडलेले. रात्री वीज होती, आबा बाजेवर पडले होते.

"आता कोनाचं राज हाय रे तुह्या त्याच्यात?"

"आपलंच हाय, आबा. एलिचपूरवाल्यायचं."

"पीकपानी?"

मी पाहिले. पीकपाण्याचा आकडा नसतोच. पण कोपऱ्यात बंडाचे टक्के सत्तरच्या वर गेले होते. मी ते त्यांना सांगितले, म्हणजे लोक नाराज आहेत असे सांगितले.

"मंग सारा माफ कर ना एखांद्या सालाचा. राजा हायेस ना तू?"

एका सालाच्या माफीची कळ मला सापडली नाही. जवळची होती ती स्वायत्ततेची. मी ती दाबली, एका प्रांताला नव्हे, सगळ्यांना. टक्के थांबले, खाली येऊ लागले. कर उतरला. खजिना उतरला. फौजेतल्या दोन तुकड्या कमी केल्या. आबांना सांगितले, "केला माफ."

"हां," असे म्हणून ते कुशीवर वळले.

१५४१ च्या पावसाळ्यात नगरने हल्ला केला. आबांना तोपर्यंत झोप लागली होती. सकाळी अंगणात दात घासताना त्यांनी विचारले, "मंग? लोकं खूश झाले का नाही?" मी म्हटले, "झाले." पुढचे काही सांगितले नाही.